ट्रायथलॉनची पहिली सायकल: सरावासाठी घ्या, शर्यत तिच्यावरच होईल

पहिली ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं लागोपाठ) करायची ठरली की माणूस त्याच रात्री सायकली बघायला बसतो, आणि बघतो काय तर त्या चपट्या फ्रेमच्या, पुढे दोन दांडे निघालेल्या, मागचं चाक अख्खं बंद असलेल्या, आणि अर्ध्या तासात त्याची खात्री पटते की असली सायकल नसेल तर आपण तिथे उभंच राहायला नको. असं काहीही नाहीये. पहिल्या वर्षात शर्यती होणार एक, दोन, फार तर तीन, आणि त्यांच्यासाठी सायकल चालणार महिनोन्महिने, पहाटे, एकट्याने, कधी ग्रुपबरोबर, खड्डे चुकवत, सिग्नलला थांबत, चढावर धापा टाकत. म्हणजे जी काही घ्यायची ती या महिन्यांसाठी घ्यायची, शर्यतीच्या एका सकाळसाठी नाही. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय. वाचून कुणाला वाटेल हा त्या वेगाच्या सायकलींच्या विरोधात आहे, तर नाही, त्या भारीच असतात, फक्त पहिली म्हणून नकोत.

आधी शर्यत कोणती ते नक्की करा

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. ऑलिंपिक अंतर म्हणजे त्याच क्रमाने १.५, ४० आणि १० किमी. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१, आणि फुल म्हणजे याच्या दुप्पट, ३.८, १८० आणि ४२.२. बहुतेक लोक पहिली स्प्रिंट किंवा ऑलिंपिक करतात आणि तेच बरंय. आता हिशोब करा, २० किमी ताशी २५ ने केले तर ४८ मिनिटं, ताशी २८ ने केले तर ४३. पाच मिनिटांचा फरक. हा फरक सहा महिने नीट सायकल चालवली तर तसाही पडतो, आणि एक पंक्चर झालं आणि ट्यूब बदलायची सवय नसेल तर पाच मिनिटं कुठल्या कुठे जातात. म्हणून छोट्या अंतरासाठी महागडी सायकल घ्यायची घाई करू नका.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे ड्राफ्टिंग चालतं की नाही. ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवायचं, वारा तो खातो आणि आपण आरामात. ऑलिंपिकमध्ये दिसते ती ट्रायथलॉन ड्राफ्टिंगवाली असते, म्हणून तिथे सगळे साध्या रोड सायकलवर, वाकड्या हँडलवर दिसतात. आपल्यासारख्या हौशी लोकांच्या बहुतेक शर्यतीत मात्र ड्राफ्टिंगला बंदी असते, पुढच्यापासून दहा-बारा मीटर अंतर ठेवावं लागतं, नाही ठेवलं तर पेनल्टी. अशा शर्यतीतच ती दांडेवाली टीटी सायकल चालते (टीटी म्हणजे टाइम ट्रायल, एकेकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत). म्हणजे एखादी शर्यत ड्राफ्टिंगवाली निघाली तर तुमची भारी टीटी सायकल घरीच राहणार, रोड सायकल मात्र दोन्हीकडे चालते. नियमपत्रक आधी वाचा, सायकल नंतर बघा.

आणि घरी आधीच एखादी सायकल पडली असेल तर थोडं थांबा. हायब्रिड असो नाहीतर एमटीबी (माउंटन बाइक), बऱ्याच स्प्रिंट शर्यतीत ती चालते (तरी विचारून घ्या). खडबडीत टायर काढून गुळगुळीत अरुंद टायर टाका, हवा नीट भरा, पुढचं सस्पेन्शन लॉक होत असेल तर लॉक करा, सर्व्हिसिंग करून घ्या, आणि त्यावरच पहिली शर्यत मारा. हा खेळ आपल्याला आवडतो की नाही हे आधी कळू दे, मग खिशात हात घाला. बरेच जण पहिल्या शर्यतीनंतर म्हणतात की पळणं आणि सायकल ठीक आहे पण ते मोकळ्या पाण्यात पोहणं नको रे बाबा, त्यांची टीटी सायकल मग भिंतीला टेकून राहते.

रोड की टीटी

दोन्हीत खरा फरक रंगरूपाचा नाही, बसायच्या कोनाचा आहे. रोड सायकलची सीटची नळी साधारण ७२ ते ७४ अंशात असते, ट्रायथलॉनच्या सायकलची ७६ ते ८० अंशात. म्हणजे सीट पुढे सरकते, तुम्ही पेडलच्या जवळपास वर येता, आणि कोपर टेकवून खाली वाकलात तरी मांडी पोटावर आदळत नाही, कंबरेचा कोन मोकळा राहतो. त्यामुळे लांब पल्ल्यावर तसं तासन् तास बसता येतं आणि उतरून पळायचं असतं तेव्हा कंबर जरा कमी आखडलेली असते. पुढच्या दांड्यांची कमाल जगाने नीट बघितली ती १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये, शेवटच्या दिवशीच्या २४.५ किमी टाइम ट्रायलला ग्रेग लेमाँड असे दांडे लावून बसला, त्याच्या पुढे असलेला फिन्याँ मात्र असे दांडे न लावता, आणि लेमाँडने अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. ट्रायथलॉनवाले मात्र ते दांडे त्याच्या आधीपासूनच वापरत होते.

मग टीटी का नको म्हणतोय? एक, दांड्यांवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो, ब्रेक बाजूच्या हँडलवर, तिथपर्यंत हात न्यायचा म्हणजे अर्धा-एक सेकंद आणि सायकल डुलणार. नवीन माणसाला रहदारीत हे झेपत नाही. दोन, वजन पुढे आल्यामुळे वळणावर आणि उतारावर ती बुजरी चालते. तीन, ग्रुप राइडला तुम्हाला दांड्यांवर कुणी बसू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे, आणि ग्रुपमध्ये चालवूनच तर सायकल हातात बसते. चार, चढावर तिचा विशेष उपयोग नाही. आणि पाचवं जे कुणी सांगत नाही, वायर ओढून चालणाऱ्या साध्या शिफ्टिंगमध्ये गिअरचा लिव्हर फक्त दांड्यांच्या टोकाला असतो, म्हणजे चढावर उभं राहून चालवताय आणि गिअर बदलायचा तर हात पुढे न्यायचा. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगमध्ये दोन्हीकडे बटणं देता येतात पण त्याची किंमत तशीच.

टीटी थेट घ्यावी असा माणूस आहे का? आहे. जो आधीच काही वर्षं रोड सायकल चालवतोय, घरी एक रोड सायकल आहेच, आणि हाफ किंवा फुल करायचं पक्कं ठरलंय, रस्ता सपाट आहे. त्याने खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी रोड सायकल घ्या आणि पुढचं वाचा.

वेग कुठून येतो

सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेच्या विरोधात सायकलचा वाटा लहान, तुमच्या अंगाचा मोठा. हवेशी लढायची ताकद वेगाच्या घनाने वाढते, २५ वरून ३० वर जायचं तर त्या भागासाठी पावणेदोन पट जोर लागतो. म्हणजे फ्रेमवर पैसे ओतण्याआधी स्वतःचं अंग लहान करा. खालचं हँडल धरून कोपर वाकवून वीस मिनिटं आरामात बसता येतंय का? फडफडणारा शर्ट सोडून अंगाबरोबरचे कपडे घातलेत का? हे जवळपास फुकट आहे.

वजनाचं उलट आहे, लोक ग्रॅम मोजत बसतात. तुम्ही, सायकल, पाणी धरून ८० किलो असाल तर एक किलो कमी म्हणजे सव्वा टक्का, वीस मिनिटांच्या खड्या चढावर साधारण पंधरा सेकंद. सपाटीवर तर कळणारही नाही. तेवढं वजन पाण्याच्या एका भरलेल्या मोठ्या बाटलीचं असतं, आणि ती तर तुम्ही नेणारच आहात, न्यायलाच पाहिजे.

रोड सायकलवर नंतर क्लिप-ऑन (हँडलवर वरून आवळून बसवायचे) दांडे लावता येतात आणि ड्राफ्टिंगबंदीच्या शर्यतीत तो सगळ्यात स्वस्तातला वेग आहे. पण यासाठी सायकल घेतानाच एक गोष्ट बघून ठेवा, हँडलचा मधला भाग गोल हवा, साधारण ३१.८ मिमी व्यासाचा, आणि स्टेमच्या (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) दोन्ही बाजूंना क्लॅम्प बसेल एवढी जागा हवी. हल्ली बऱ्याच सायकलींना वरून चपटं, पंखासारखं एरो हँडल येतं, दिसतं झकास पण त्यावर क्लिप-ऑन बसत नाही, आणि काही कार्बन हँडलवर क्लॅम्प आवळायला कंपनीचीच मनाई असते. वायर सगळ्या आतून गेलेल्या असतील तर हँडल बदलणंही मोठं काम होऊन बसतं. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. दांडे लावले की सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते, नाहीतर गुडघे छातीला भिडतात. आणि सवय आधी ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल चालवायचा स्टँड) करा, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर.

माप, माप आणि माप

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मापाची साधी सायकल ही बेमापाच्या महागड्या सायकलपेक्षा वेगात जाते, कारण तिच्यावर तुम्ही बसाल. दुसरीवर चाळीस मिनिटांनी मान धरेल, हात मुंग्या येऊन बधिर होतील, आणि मग रविवारी सकाळी गजर वाजला की तुम्ही कूस बदलून झोपाल.

फ्रेमवर ५२, ५४, एस, एम असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका, एका कंपनीचं ५४ दुसरीच्या ५२ एवढं असू शकतं. बघायचे आकडे दोन, स्टॅक आणि रीच. क्रँक (पेडल ज्याला लावतात तो हात) जिथे फिरतो त्याच्या मध्यापासून पुढच्या हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची उभी नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक जास्त तर हँडल उंच, रीच जास्त तर हँडल लांब. प्रत्येक कंपनीच्या साइटवर तक्ता असतो, आवडलेल्या तीन-चार सायकलींचे हे दोन आकडे शेजारी लिहा, आणि एखाद्या मित्राच्या सायकलवर तुम्हाला छान वाटत असेल तर तिचेही लिहा, अर्धा गोंधळ तिथेच संपेल.

सीटची उंची काढायला एक जुनी रीत आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी आलं तर ७०.६, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ७० सेंमीच्या पुढे थोडं. ही सुरुवात आहे, शेवट नाही. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, २५ ते ३५ अंश, आणि मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी डोलताना दिसली तर सीट उंच आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर? याला छापील उत्तर नाही. साधारणपणे लहान फ्रेमवर स्टेम लांब करून, सीट मागे सरकवून जुळवता येतं, मोठी फ्रेम लहान करता येत नाही. पण लहान फ्रेम घेतली की हँडलही खाली जातं, त्यामुळे ज्यांची पाठ कडक आहे, जे दिवसभर खुर्चीत बसतात, त्यांना ते जड जातं. ट्रायथलॉनवाल्यांनी पुढे क्लिप-ऑन लावायचे असतील तर मात्र लहानाकडे झुका, कारण दांड्यांवर बसलं की हात आणखी पुढे जातात.

एन्ड्युरन्स आणि रेस असे रोड सायकलचे दोन स्वभाव असतात, एन्ड्युरन्समध्ये स्टॅक जास्त, बसणं उभट, टायरला जागा जास्त. पहिल्या सायकलला मी डोळे झाकून एन्ड्युरन्स म्हणेन. हँडल उंच वाटायला लागलं की स्टेमखालचे रिंग काढून खाली घेता येतं, उलटं करायला गेलात तर लवकरच जागा संपते. उंची कमी असेल, मग बाई असो नाहीतर पुरुष, तर लहान फ्रेमवर पाय पुढच्या चाकाला घासतो का ते वळवून बघा, आणि क्रँकची लांबीही विचारा, १७२.५ ऐवजी १६५ किंवा १६० मिमीचा क्रँक कंबरेला बराच आराम देतो. हल्ली उंच लोकही ट्रायथलॉनसाठी छोटे क्रँक घेतात, त्यात काही कमीपणा नाही.

शक्य असेल तर पैसे देऊन फिटिंग करून घ्या, आणि ते सायकल घेण्याआधी. तिथे तुम्हाला तुमचा स्टॅक-रीच मिळतो, मग सायकल शोधायची. लोक आधी सायकल घेतात आणि मग फिटरकडे जातात, फिटर बिचारा आहे त्यात ओढाताण करतो.

सीट स्वतः ही वेगळीच डोकेदुखी आहे. सायकलबरोबर आलेली सीट तुम्हाला बसेलच असं नाही, ती बदलायची असते हेच अनेकांना माहीत नसतं आणि वर्षभर सहन करतात. मऊ, जाड गादीची सीट सुखाची वाटते पण तासाभरात नको तिथे दाबते. बसायच्या दोन हाडांमधलं अंतर मोजून तेवढी रुंदी घ्या, मधे फट असलेली बघा, आणि दांड्यांवर बसायला लागलात की पुढचं टोक दुभंगलेल्या सीटा असतात त्या वापरून बघा, कारण तेव्हा वजन पुढे सरकतं. सुन्नपणा आला तर सहन करायचा नाही, सीट बदला.

फ्रेम, गिअर, ब्रेक

फ्रेमवर जास्त लिहीत नाही. चांगली अॅल्युमिनियम फ्रेम आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), पहिल्या सायकलला उत्तम. कार्बन हलकं आणि धक्के गिळणारं असतं पण त्यासाठी गिअर, ब्रेक आणि चाकांत तडजोड करावी लागत असेल तर नको.

गिअरमध्ये लोक ब्रँडचं नाव आणि दर्जा बघतात, दात बघत नाहीत. शिमानोचं म्हणाल तर क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस अशी चढती भाजणी आहे, स्रॅमची एपेक्स, रायव्हल, फोर्स, रेड. टियाग्रा किंवा १०५ मिळालं तर वर बघायची गरज नाही, सोराही नीट ट्यून केलेला असेल तर छान चालतो. पण दात महत्त्वाचे. पुढे ५०-३४ चा कॉम्पॅक्ट क्रँक (पुढच्या दोन चकत्यांचे दात) आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच, सगळ्यात लहान आणि मोठीचे दात), हे डोळे झाकून घ्या. ३४-३२ वर मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी साडेनऊच्या आसपास वेग राहतो, म्हणजे खडा चढही बसून, न उसळता चढता येतो. तोच वेग जुन्या ३९-२५ च्या गिअरवर ठेवायचा तर पाय मिनिटाला ४८ फेऱ्यांवर येतात, गुडघे रडतात, आणि नंतर पळायचंय हे विसरू नका. वरच्या बाजूला ५०-११ वर ९० फेऱ्यांना ताशी ५१-५२ किमी होतात, त्यामुळे कुणी म्हटलं की कॉम्पॅक्टवर वेग कमी पडतो तर त्याला विचारा तू किती वेळ पन्नासने चालवतोस.

डिस्क ब्रेक की रिम ब्रेक? नवीन घेताय तर डिस्क, पावसात आणि लांब उतारावर बोटांना जोर लागत नाही. वापरलेली घेताय आणि रिम ब्रेकची चांगली सायकल स्वस्तात मिळतेय तर बिनधास्त घ्या. ट्रेनरवर चालवणार असाल तर एवढं बघा की मागचा एक्सल थ्रू-एक्सल (आरपार जाऊन आट्यांनी बसणारा) आहे की क्विक रिलीज (खटक्याने आवळायचा), ट्रेनरला तो अॅडॉप्टर लागतो.

चाकं आणि टायर

सायकलबरोबर आलेली चाकं राहू द्या. खोल रिमची कार्बन चाकं दिसायला आणि ऐकायला भारी पण बाजूच्या वाऱ्यात पुढचं चाक ओढलं जातं, आणि नवीन माणूस घाबरून दांडे सोडतो, म्हणजे जो फायदा मिळायचा तो गेला. हवाईतल्या कोना गावी होणाऱ्या आयर्नमॅन (फुल अंतराच्या) जागतिक स्पर्धेत तर वाऱ्यामुळे बंद डिस्क चाकाला कित्येक वर्षं बंदीच होती, आणि तिथे जगातले तयार लोक येतात.

टायर मात्र बदला. स्वस्त सायकलवर कंपनी टायरमध्येच पैसे वाचवते, चांगले लवचिक टायर टाकले की सायकल लगेच मोकळी चालायला लागते. फ्रेममध्ये निदान २८ मिमी टायर मावतो का ते घेतानाच बघा, ३० मावला तर आणखी बरं. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमीमध्ये ६५ ते ७५ पीएसआय पुरतात, दगडासारखी टणक हवा भरली म्हणजे वेग येतो हे जुनं झालं, खडबडीत रस्त्यावर ती सायकल नुसती उडते. पहिल्या वर्षी साधी ट्यूबच ठेवा, आणि ती स्वतः बदलायला शिका, मागच्या चाकाची सुद्धा.

पेडल आणि बूट

क्लिपचे पेडल (ज्यात बूट अडकतो) पहिल्या दिवसापासून लागत नाहीत. बऱ्याच नव्या रोड सायकली पेडलशिवायच येतात, तेव्हा साधे सपाट लावा, महिनाभर चालवा, मग क्लिपवर जा. दोन प्रकार, तीन स्क्रूचे रोडवाले आणि दोन स्क्रूचे एसपीडी. एसपीडीची क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) बुटाच्या तळव्यात आत बसते त्यामुळे चालता येतं, ट्रान्झिशनमध्ये (एक प्रकार संपवून दुसऱ्याकडे जायची जागा) सायकल हातात धरून पळावं लागतं तेव्हा हे कळतं. शिकताना थांबायच्या जरा आधीच एक पाय सोडवायची सवय लावा, सगळेच एकदा तरी सिग्नलला उभ्या उभ्या आडवे होतात.

वापरलेली घेताय तर

चांगला मार्ग आहे, कारण खूप लोक हौसेने घेतात आणि सोडतात. पण ट्रायथलॉनच्या माणसाने विकायला काढलेली सायकल जरा वेगळ्या नजरेने बघावी लागते. ती बहुतेक वेळा घरात ट्रेनरवर चाललेली असते, किमी कमी सांगतात पण पुढच्या भागावर महिनोन्महिने घाम आणि साखरेचं पाणी ठिबकलेलं असतं. हँडलची टेप थोडी सोडून खाली बघा, पांढरी भुकटी किंवा गंज आहे का, स्टेमचे आणि दांड्यांचे स्क्रू फिरतात का, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्ये खरखर किंवा अडकल्यासारखं होतंय का. सीटपोस्ट वर-खाली होते का हे स्वतः करून बघा, अडकलेली सीटपोस्ट म्हणजे तुमच्या मापाला ती सायकल कधीच येणार नाही.

चेन मोजायची पट्टी जवळ ठेवा. पिन ते पिन २४ कड्यांचं अंतर नवीन चेनमध्ये ३०४.८ मिमी असतं, ते दीड मिमी वाढलं असेल तर चेन बदलायला आली, तीन मिमी वाढलं तर कॅसेटही गेली समजा, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. रिम ब्रेक असेल तर रिमची घासायची बाजू बोटाने बघा, आत खोलगट लागली तर चाक संपलंय. मागून बघा गिअरचा हँगर (मागचं गिअर ज्याला लटकतं तो फ्रेमचा तुकडा) वाकडा आहे का. क्रँक धरून आडवा हलवा, खडखड नको.

कार्बन असेल तर चाक काढून, पुसून, चांगल्या उजेडात बघा, क्रँकच्या आसपास, हेड ट्यूबपाशी, सीट आवळतात तिथे आणि चेनस्टेवर (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी). नाण्याने हळू वाजवत जा, आवाज एकदम बद्द झाला तर शंका घ्या. नुसता रंगाचा ओरखडा आणि तडा यात फरक असतो, नाही कळलं तर जाणकाराला घेऊन जा, नाहीतर सोडून द्या, दुसरी मिळेल.

जुन्या टीटी सायकली फार स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. तिथे दोन-तीन गोष्टी: स्टेम, सीटपोस्ट, ब्रेक त्या मॉडेलचेच खास असतात, ते आता मिळतात का? टायर २३ च्या वर मावतो का? लहान मापात ६५०सी (नेहमीपेक्षा लहान) चाकं असतील तर टायर शोधत फिरावं लागेल. आणि कुठल्याही वापरलेल्या सायकलचं बिल आणि फ्रेमवरचा नंबर जुळवून बघा, चोरीची सायकल स्वस्त मिळाली तरी नको.

बाकीचे पैसे

ठरवलेल्या पैशातला साधारण चौथा हिस्सा सायकलबाहेर ठेवा. हेल्मेट, पॅड असलेली चड्डी, पुढचा-मागचा लाइट, जमिनीवर उभा करायचा गेजवाला पंप, दोन बाटल्यांचे स्टँड, सुटी ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, अॅलन कीचा सेट. हेल्मेट डोक्यात घट्ट बसतं का ते बघून घ्या, पट्टा लावताना चाचपडायला होत नाही ना तेही, कारण शर्यतीत सायकल स्टँडवरून काढायच्या आधी हेल्मेट घालून पट्टा लागलेला असावा लागतो, उघडा राहिला तर पेनल्टी. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवीतच, नसली तर तपासणीत अडवतात, आणि पडल्यावर उघडी नळी काय करते ते सांगायला नको. एरो हेल्मेट, खास बूट, पॉवर मीटर वगैरे नंतर कधीतरी.

सायकल घरी आली की पहिल्या दोन-तीनशे किमीनंतर दुकानात परत न्या, नव्या वायर ढिल्या होतात, गिअर अडखळायला लागतात, स्पोक आणि स्क्रू तपासून घ्यावे लागतात. आणि पहिल्याच महिन्यात तासभर चालवून, सायकल लावून लगेच पंधरा मिनिटं पळायला जा. पाय लाकडासारखे वाटणार, पहिली पाच मिनिटं ते होतंच, त्याची काळजी नाही. पण दहा मिनिटांनंतरही कंबर सरळ होत नसेल, किंवा गुडघा, पाठ, मान यातलं एक काहीतरी दरवेळी तिथेच धरत असेल तर बसणं अजून जुळलेलं नाही. सीट किंवा हँडल पाच-पाच मिमीने हलवा, एका वेळी एकच बदल, आधीच्या जागी टेपची खूण करून ठेवा, आणि पुन्हा तेवढंच चालवून पुन्हा पळून बघा.